खाडीतल्या बीजांची वाट
गोवंडी-देवनारच्या तिवरांची पुढची पिढी भरतीच्या पाण्यावरून येते. ती वाट मोकळी आहे का?

(विशेष प्रतिनिधी)

हार्बर मार्गावरची लोकल गोवंडी आणि मानखुर्द मागे टाकून वाशीच्या पुलाकडे निघाली, की रुळांच्या दोन्ही अंगांना चिखलात उभा असलेला गर्द हिरवा झाडोरा दिसू लागतो. हजारो प्रवासी तो रोज पाहतात. वर्तमानपत्रांत त्याला 'खारफुटी' म्हणतात, सरकारी कागदांत 'कांदळवन' आणि ट्रॉम्ब्याच्या कोळीवाड्यात सरळ 'तिवर'. या झाडांची तोड, त्यांच्यावर टाकला जाणारा राडारोडा आणि त्याबाबतचे न्यायालयाचे आदेश यांच्या बातम्या अधूनमधून येतच असतात. मात्र या झाडांची पुढची पिढी जन्माला कशी येते, ती एका काठावरून दुसऱ्या काठावर पोहोचते कशी आणि मधली वाट बंद झाली तर काय होते, याची चर्चा क्वचितच होते. वस्तुतः तिवरांच्या भवितव्याचा मोठा भाग या वाटेवरच अवलंबून आहे.

मुंबईला दोन वेगवेगळ्या स्वभावांचे किनारे लाभले आहेत. पश्चिमेला वांद्रे, हाजी अली, कुलाबा येथे खडकाळ किनारा आहे. तेथे ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या कातळावर समुद्री शैवाल वाढते. पूर्वेला ठाणे खाडी आहे. सुमारे २६ किलोमीटर लांबीची ही खाडी उत्तरेला अरुंद होत जाऊन उल्हास नदीच्या पात्राशी जोडली जाते आणि दक्षिणेला मुंबई बंदरात उघडते. लाटांचा मारा कमी, गाळ भरपूर आणि दिवसातून दोन वेळा भरती, असे येथील गणित आहे. गोवंडी, देवनार आणि मानखुर्द याच गाळाच्या काठावर वसले आहेत. शैवालाला धरून राहण्यासाठी खडक लागतो. चिखलात उभे राहण्याची विद्या मात्र तिवराला अवगत आहे.

झाडावरच उगवणारे बीज

ठाणे खाडीत सर्वाधिक आढळणारी जात म्हणजे तिवर. शास्त्रीय भाषेत तिला 'अ‍ॅव्हिसेनिया मरीना' असे म्हणतात. उन्हाळ्यात या झाडांना पिवळसर नारिंगी रंगाची बारीक फुले येतात. फुलांना मंद मधुर गंध असतो आणि मधमाश्या, गांधीलमाश्या व अन्य कीटक त्यांच्यावर गर्दी करतात. एका फुलातील पुंकेसर आधी पक्व होतात आणि स्त्रीकेसर नंतर. त्यामुळे त्याच फुलाचे पराग त्याच फुलाला लागण्याची शक्यता कमी होते. मात्र झाडावर एकाच वेळी अनेक फुले उमललेली असल्याने त्याच झाडावरच्या दुसऱ्या फुलाचे पराग मिळण्याचा संभव राहतोच.

फुलाचे फळ झाल्यावर तिवराचे वेगळेपण दिसते. आंबा किंवा चिंच यांचे बी आधी जमिनीवर पडते आणि मग रुजते. तिवराचे बी फळाच्या आत, झाडाला लटकलेले असतानाच अंकुरू लागते. परंतु फळाचे पातळ साल फोडून बाहेर येत नाही. पावसाळ्यात हे बदामाच्या आकाराचे, चपटे, करड्या-हिरव्या रंगाचे फळ गळून पाण्यात पडते, तेव्हा त्याच्या आत जवळजवळ तयार रोपटेच असते. पाणी लागताच साल सुटते, दुमडलेल्या जाड बीजदलांची घडी उलगडू लागते आणि खालच्या टोकाकडून मुळे बाहेर पडतात.

या धडपडीचे कारण परिस्थितीत आहे. खाऱ्या, प्राणवायूविरहित चिखलात साध्या बियाण्याला रुजायला फार वेळ लागेल, आणि तेवढ्यात पुढची भरती ते उचलून नेईल. म्हणून रुजण्याचे निम्मे काम आईच्या अंगावरच उरकून घ्यायचे, हा तिवराचा मार्ग होय.

भरतीचा टपाल

जमिनीवरच्या वनस्पतींची बीजे वारा, पक्षी आणि जनावरे वाहून नेतात. तिवराच्या बीजाला वाहन एकच, ते म्हणजे भरती-ओहोटीचे पाणी. मुंबईत साधारण दर सव्वाबारा-साडेबारा तासांनी भरती येते. उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीतील फरक साडेचार मीटरच्याही वर जातो. एवढे पाणी खाडीत चढते आणि उतरते, तेव्हा त्याच्याबरोबर बीजेही वर-खाली फिरत राहतात.

हा प्रवास किती लांबचा असतो? ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय किनाऱ्यावर पीटर क्लार्क यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी याच जातीच्या बीजांचा मागोवा घेतला. बहुतेक बीजे मातृवृक्षाच्या आसपासच्याच किनाऱ्याला लागतात, असे त्यांना आढळले. तिवराच्या बीजाचे साल लवकर सुटते आणि साल सुटल्यावर अनेक बीजे बुडू लागतात. याचा अर्थ गोवंडीच्या काठावर उगवणारे रोप बहुधा जवळपासच्याच झाडाचे अपत्य असते. काही मोजकीच बीजे प्रवाहात सापडून खाडीच्या दुसऱ्या टोकाला किंवा बंदरापलीकडे जातात. ही मोजकी बीजे का महत्त्वाची, ते पुढे पाहू.

प्रवासात धोकेही पुष्कळ. चिखलातले खेकडे ही बीजे आवडीने खातात. क्वीन्सलँडमध्ये थॉमस स्मिथ यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही ठिकाणी दोरीने बांधून ठेवलेली तिवराची बहुतेक बीजे खेकड्यांनी फस्त केली होती. कुठे कोणती जात वाढणार, हे ठरवण्यात खेकड्यांचाही हात असतो, हे त्यातून पुढे आले.

उधाण आणि भांग

बीज काठाला लागले म्हणजे काम झाले असे नव्हे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते आणि पाणी काठाच्या उंच भागापर्यंत पोहोचते. अष्टमीच्या सुमारास, ज्याला कोळी बांधव 'भांग' म्हणतात, भरती कमी चढते. उधाणाने उंचावर नेऊन टाकलेल्या बीजाला भांगाच्या दिवसांत काही काळ पाण्याविना मिळतो. तेवढ्या अवधीत मुळे चिखलात शिरली, तर पुढच्या उधाणात ते टिकते. नाहीतर पुन्हा पाण्यावर.

थोर्स्टन बाल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तिवराच्या एका जवळच्या जातीवर या गोष्टीचा बारकाईने अभ्यास केला. त्यांनी तीन पायऱ्या सांगितल्या. पहिली, पाण्याखाली न जाता मुळे रुजण्यापुरते दिवस मिळणे. दुसरी, लाटांनी उखडले जाऊ नये इतकी मुळे लांब होणे. तिसरी, वरचा गाळ वाहून गेला तरी रोप तग धरेल इतकी मुळे खोल जाणे. या तीन संधी लागोपाठ मिळाल्या, तरच रोपाचे झाड होते. एखाद्या वर्षी हजारो रोपे उगवलेली दिसतात आणि दुसऱ्या वर्षी तोच चिखल मोकळा राहतो, याचे उत्तर पुष्कळदा या पायऱ्यांत सापडते.

काठाची उंची थोडीशी बदलली तरी हे गणित बिघडते. राडारोडा टाकून काठ हातभर उंच केला, तर भरती तेथवर चढतच नाही आणि बीज पोहोचत नाही. उलट काठ खचला, तर पाणी सतत उभे राहते आणि रुजायला उसंत मिळत नाही. तिवराचे जग असे वितीवितीने मोजलेले असते.

कांदळाची लांब शेंग, चिपीचे बारीक बी

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर खारफुटीच्या सुमारे वीस जाती आहेत आणि प्रत्येकीची प्रवासाची तऱ्हा वेगळी आहे. कांदळ, म्हणजे 'ऱ्हायझोफोरा म्युक्रोनाटा', याचे बी झाडावरच उघडपणे अंकुरते आणि शेवग्याच्या शेंगेसारखा हात-दीड हात लांबीचा दांडा खाली लोंबू लागतो. तो गळून पाण्यात पडला, की आडवा तरंगत जातो. या जातीचे बीज सुमारे पाच महिन्यांपर्यंत तरंगू शकते, असे प्रयोगांत दिसले आहे. कांदळ म्हणजे दूरचा प्रवासी, तर तिवर म्हणजे घराजवळ राहणारा.

चिपीची रीत याहून निराळी. तिची फुले रात्री उमलतात. पांढऱ्या केसरांच्या या फुलांकडे वटवाघळे आणि पतंग येतात. तिच्या गोल फळात अनेक लहान बिया असतात आणि त्या झाडावर अंकुरत नाहीत. पांढरी चिपी, म्हणजे 'सोनेरेशिया अल्बा', हिला महाराष्ट्र सरकारने २०२० मध्ये 'राज्य कांदळवृक्ष' म्हणून घोषित केले.

मग लांब पल्ल्याचा कांदळ गोवंडीच्या काठावर क्वचित आणि जवळपास राहणारे तिवर सर्वत्र, असे का? १९७८ मध्ये पनामात काम करणाऱ्या डेबोरा रॅबिनोविट्झ यांनी एक उपपत्ती मांडली होती. लहान बीजे भरतीबरोबर उंच भागात पोहोचतात आणि मोठी बीजे पाण्याच्या कडेलाच अडकतात. म्हणून जातींचे पट्टे पडतात, असे त्यांचे म्हणणे. पुढच्या प्रयोगांत ही उपपत्ती सर्वत्र खरी ठरली नाही. आज बहुतेक संशोधक बीजाचा आकार, खारटपणा, खेकडे, सावली आणि माणसाचा हस्तक्षेप या सगळ्यांचा एकत्र विचार करतात. तिवर पानांतून मीठ बाहेर टाकते, जास्त खारटपणा आणि सांडपाण्याचा भार सोसते आणि तोडल्यावर बुंध्यापासून पुन्हा फुटते. शहरालगतच्या खाडीत टिकून राहण्याचे हे गुण आहेत. कांदळाला तोडल्यावर पुन्हा फुटण्याची ही शक्ती फारशी नसते, आणि त्याच्या टणक लाकडाला नेहमीच मागणी राहिली.

एकाच जातीचे वर्चस्व हा स्वतःच एक इशारा आहे. जंगल हिरवे दिसत असले तरी त्यातले वैविध्य घटलेले असू शकते. दुसऱ्या जातींची बीजे येण्याची वाट अरुंद झाली, तर हे वैविध्य आपोआप परतत नाही.

खडकावरच्या शैवालाचीही तीच कथा

भरतीच्या पट्ट्यात राहणाऱ्या अन्य वनस्पतींनाही हाच प्रश्न सोडवावा लागतो. मुंबईच्या खडकांवरील शैवालाची नोंद घेणाऱ्यांत डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ बोर्गेसेन यांचे नाव अग्रभागी आहे. ते १९२७-२८ मध्ये भारतात आले होते आणि मुंबई इलाख्याच्या किनाऱ्यावरील शैवालावर त्यांनी पुढे लेखमाला लिहिली.

पानकोबीसारखे दिसणारे हिरवे 'उल्वा' शैवाल आपली युग्मके आणि बीजाणू पाण्यात सोडते. शेपटीसारख्या तंतूंच्या साहाय्याने ती पोहतात; परंतु त्यांचे आयुष्य थोडे असते. लाल शैवालाच्या बीजाणूंना आणि पुंयुग्मकांना तर पोहताच येत नाही. फ्रान्समधील संशोधकांनी २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिले, की एका लाल शैवालाची पुंयुग्मके एक लहानसा कवचधारी जीव अंगावर वाहून नेतो. फुलांवर जे काम मधमाशी करते, तेच समुद्रात हा जीव करतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील 'समुद्री ताड' या शैवालाचे बीजाणू तर मातृवनस्पतीपासून जेमतेम काही मीटरच्या आतच स्थिरावतात. तो दूर पोहोचतो, तो लाटेने अखंड उखडला जाऊन वाहत गेला तरच.

वांद्र्याचा खडक आणि हाजी अलीचा खडक यांच्या मध्ये वाळू, खाडी आणि खोल पाणी आहे. शैवालाच्या दृष्टीने ही दोन बेटेच. गोवंडीचे तिवर आणि मिठीकाठचे तिवर यांचेही तसेच आहे. दोहोंच्या बाबतीत बहुतेक संतती घराजवळ राहते आणि मोजकी दूर जाते. त्या मोजक्यांवरच वेगवेगळ्या वसाहतींचे नाते टिकते.

जमिनीने सहा किलोमीटर, पाण्याने चाळीस

गोवंडी ते धारावी हे अंतर जमिनीवरून सहा-सात किलोमीटरचे आहे. धारावीलगत मिठी नदीच्या काठीही तिवरे आहेत. पण बीजाला लोकल किंवा बस मिळत नाही. ठाणे खाडीतून निघालेल्या बीजाला बंदरातून कुलाब्याला वळसा घालून माहीमच्या उपसागरात आणि तेथून मिठीच्या मुखात शिरावे लागेल. हा प्रवास चाळीस किलोमीटरहून अधिक भरतो. लवकर बुडणाऱ्या तिवराच्या बीजासाठी तो जवळजवळ अशक्यप्राय आहे.

पूर्वी हे अंतर एवढे नव्हते. मुंबई बेट आणि साष्टी यांच्यामध्ये माहीमपासून शीवच्या बाजूने पूर्वेकडे खाडीच्या पाण्याचा पट्टा होता. १८०५ मध्ये शीवचा बांधरस्ता पूर्ण झाला आणि १८४५ मध्ये माहीमचा. पुढे भराव पडत गेले आणि दोन्ही बाजूंचे पाणी एकमेकांपासून तुटत गेले. माणसांसाठी बेटे जोडली गेली, तेव्हा तिवरांसाठी ती वेगळी झाली, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

अशा तुटलेपणाचा परिणाम लगेच दिसत नाही. तिवरांची झाडे अनेक दशके जगतात. मात्र एखाद्या समूहात बाहेरून बीज येणे थांबले, की जवळच्या नात्यातल्या झाडांतच पराग-देवाणघेवाण होत राहते. परागांची धाव मधमाशीच्या उड्डाणापुरतीच असते. पिढ्यांमागून पिढ्या हे चालले, तर जनुकीय वैविध्य घटते आणि नवा रोग, नवे प्रदूषण किंवा बदललेले हवामान यांना तोंड देण्याची ताकद कमी होते.

दिलासा एवढाच, की नाते टिकवायला फार मोठी ये-जा लागत नाही. अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ स्यूअल राइट यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या गणितातून एक ढोबळ नियम पुढे आला. प्रत्येक पिढीत बाहेरून एखादा-दुसरा सदस्य येऊन स्थिरावला आणि त्याने संतती दिली, तरी दोन समूह एकमेकांपासून पूर्णपणे दुरावत नाहीत. वर ज्या मोजक्या बीजांचा उल्लेख केला, त्यांचे मोल हेच. शंभरातील नव्व्याण्णव बीजे घराजवळ राहिली तरी चालेल; एकाला तरी वाट मोकळी हवी.

पाण्याचा प्रवाहच नाती ठरवतो, याचे एक ठळक उदाहरण आग्नेय आशियातले आहे. अंदमान समुद्राच्या काठचे कांदळ आणि मलाक्काच्या सामुद्रधुनीतले कांदळ यांच्या मध्ये जमिनीचा अडसर नाही. तरीही दोहोंत स्पष्ट जनुकीय फरक असल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. कारण तेथील सागरी प्रवाह बीजांना एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेत नाहीत.

वाट अडते कुठे?

ठाणे खाडीत ही वाट अनेक ठिकाणी अडते. देवनारची कचराभूमी १९२७ पासून खाडीला लागून आहे. कचऱ्याचा डोंगर वाढत गेला तसा काठाचा उतार बदलला, आणि भरतीचे पाणी जिथे सावकाश पसरायचे तिथे भिंतीसारखा उंचवटा उभा राहिला. रस्त्यांचे आणि रेल्वेचे भराव खाडीच्या फाट्यांना आडवे जातात. त्यांच्याखालच्या मोऱ्या गाळाने आणि कचऱ्याने तुंबल्या, की पलीकडच्या तिवरांना भरतीचे पाणी मिळत नाही. मग चिखल वाळतो, मिठाचा थर येतो आणि झाडे उभ्याउभ्या सुकतात. कुऱ्हाड न चालवताही तिवर मरते, ते असे.

मिठागरांच्या बांधांचीही यात भूमिका आहे. या बांधांना पाणी आत-बाहेर सोडणारी दारे असतात. कोकणात खारभूमीच्या बांधातील अशा दाराला 'उघाडी' म्हणतात. उघाडी चालू असेपर्यंत थोडेफार बीज आत येते. ती कायमची बंद झाली, की आतली जमीन खाडीपासून तुटते.

प्लास्टिकचा प्रश्न याहून वेगळा आहे. तिवराची श्वसनमुळे पेन्सिलींसारखी चिखलातून वर आलेली असतात. झाड त्यांतून हवा घेते. नाल्यातून वाहत आलेल्या पिशव्या नेमक्या याच मुळांत अडकतात. जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर याच जातीवर केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे दिसले, की मुळांचा काही भाग झाकला गेला तरी झाड निभावून नेते. परंतु सर्व मुळे दीर्घकाळ झाकली गेल्यास पाने गळतात आणि झाड मरू शकते. रुजू पाहणाऱ्या बीजाला तर पिशव्यांच्या थरातून चिखलापर्यंत पोहोचणेच कठीण.

गोवंडीच्या रहिवाशांसाठी ही बाब केवळ निसर्गप्रेमाची नाही. गोवंडी ज्या एम-पूर्व विभागात येते, तो २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरातील सर्व विभागांत तळाला होता. दाट वस्त्या, सखल जमीन आणि खाडीला मिळणारे नाले यांच्या शेजारी तिवरांचा पट्टा हीच भरतीच्या पाण्याची पहिली अडवणूक असते. ट्रॉम्ब्याच्या कोळ्यांना मिळणारी कोळंबी, चिंबोरी, निवटी आणि बोय यांची पिल्लेही याच मुळांच्या आसऱ्याने वाढतात.

रोपे लावावीत की पाणी येऊ द्यावे?

खारफुटी वाढवायची म्हटले, की रोपे लावण्याचा कार्यक्रम डोळ्यांपुढे येतो. रोपवाटिकेतील रोपे, चिखलात उतरलेले स्वयंसेवक आणि फलक यांची छायाचित्रे आपल्या परिचयाची आहेत. त्यामागचा हेतू चांगलाच असतो. पण जागा चुकली तर श्रम वाया जातात. फिलिपिन्समधील लागवडीचा आढावा घेणारा जे. एच. प्रिमावेरा आणि जे. एम. ए. एस्टेबन यांचा २००८ मधील लेख सांगतो, की तेथे दीर्घकाळ टिकलेल्या रोपांचे प्रमाण साधारणपणे १० ते २० टक्केच होते. जिथे तिवरे कधीच नव्हती अशा खोल चिखलात, आणि तेही त्या जागेला न मानवणाऱ्या जातीची रोपे लावणे, हे त्याचे मुख्य कारण.

अमेरिकेतील रॉबिन लुईस यांनी दुसरा मार्ग दाखवला. फ्लोरिडातील वेस्ट लेक परिसरात त्यांनी आधी जमिनीची पातळी आणि पाण्याच्या वाटा दुरुस्त केल्या. भरती जिथे पूर्वी जात होती तिथे पुन्हा जाऊ लागली आणि बीजे आपली आपण येऊन रुजली. 'बीज येत नाही का, की आलेले बीज टिकत नाही?' हा पहिला प्रश्न विचारावा, असा त्यांचा आग्रह असे. बीज येतच नसेल तर लागवड उपयोगी. बीज येऊनही टिकत नसेल, तर रोपेही टिकणार नाहीत.

ठाणे खाडीत बीजांचा तुटवडा नाही, हे खाडीनेच दाखवून दिले आहे. गेल्या काही दशकांत खाडीत गाळ साचत गेला, तसतशी तिवरे पाण्याच्या दिशेने स्वतःहून पसरत गेली. कोणी न लावता उगवलेले हे जंगल आहे. त्याची दुसरी बाजूही लक्षात घ्यायला हवी. फ्लेमिंगोंना उघडा चिखल लागतो. तिवरे पुढे सरकली की त्यांची चरण्याची जागा घटते. जमिनीकडच्या बाजूने जंगल कापले जात असताना पाण्याकडच्या बाजूने ते वाढते. नकाशावर क्षेत्र तेवढेच दिसले, तरी खाडी मात्र अरुंद होत जाते.

पुढच्या काळात जमिनीकडची बाजू अधिक महत्त्वाची ठरणार आहे. समुद्राची पातळी चढू लागली, की तिवरांना मागे सरकावे लागेल. म्हणजे त्यांच्या बीजांना काठाच्या वरच्या भागात रुजायला मोकळी जागा लागेल. तेथे कचराभूमी, भिंत किंवा रस्ता असेल, तर पुढे पाणी आणि मागे काँक्रीट अशा कात्रीत ती सापडतील. २०२४ मध्ये कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंड येथील सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावीतील रहिवाशांच्या पुनर्वसनासाठी देण्याचा निर्णय झाला. घरांची गरज खरी आहे. मात्र अशा निर्णयांत भरतीच्या पाण्याचा आणि बीजांच्या वाटेचा हिशेब मांडला जायला हवा.

कायद्याचे कुंपण आणि पाण्याचे दार

मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी राज्यभर खारफुटी तोडण्यास आणि तिच्यावर राडारोडा टाकण्यास मनाई केली. खारफुटीपासून ५० मीटरच्या परिसरात बांधकामालाही बंदी घातली गेली. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात न्यायालयाने खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग असल्याचे स्पष्ट केले. राज्य वनविभागाचा कांदळवन कक्ष २०१२ मध्ये स्थापन झाला. ऑगस्ट २०१५ मध्ये ठाणे खाडीच्या पश्चिम काठावर, ऐरोली आणि वाशीच्या पुलांदरम्यान, फ्लेमिंगो अभयारण्य घोषित झाले. २०२२ मध्ये ठाणे खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून 'रामसर' दर्जा मिळाला.

हे सर्व निर्णय मोलाचेच आहेत. कुंपणाने कुऱ्हाड अडते. परंतु कुंपणाने तुंबलेली मोरी उघडत नाही. एखादा तुकडा राखीव म्हणून घोषित केला आणि त्याच्याकडे येणारा खाडीचा फाटा भरावाखाली गेला, तर तो तुकडा कागदावर जंगल राहतो आणि प्रत्यक्षात बेट होतो. म्हणून तिवरांची पाहणी करताना झाडांच्या मोजणीबरोबर पाण्याच्या दारांचीही मोजणी व्हावी. कोणत्या मोऱ्या तुंबल्या आहेत, कोणते फाटे बुजले आहेत, कोणत्या उघाड्या बंद पडल्या आहेत, याची यादी पावसाळ्यापूर्वी तयार झाली, तर बीजांच्या हंगामाआधी त्या मोकळ्या करता येतील. नालेसफाईच्या कामात हे बसवणे अवघड नाही. खाडीच्या बाजूच्या मोऱ्या साफ करताना काढलेला गाळ तिथेच काठावर न टाकणे, एवढी दक्षता घेतली तरी काठाची पातळी टिकेल.

वाशीच्या पुलाखालून उधाणाचे पाणी उतरू लागते तेव्हा ते चिखल, कचरा आणि असंख्य करडी-हिरवी बीजे घेऊन जाते. त्यातली बहुतेक वाया जातील, काही खेकडे खातील, काही जवळच्या काठाला लागतील. एखादे पलीकडच्या काठावर जाऊन रुजेल. त्या एकासाठी पाण्याला वाट ठेवणे एवढेच आपल्या हाती आहे; लावणीचे काम तिवर स्वतःच करते.

दृष्टिक्षेपात

- ठाणे खाडी : लांबी सुमारे २६ किलोमीटर
- ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य (२०१५) : सुमारे १,६९० हेक्टर, त्यापैकी ८९६ हेक्टर खारफुटी
- रामसर क्षेत्र (२०२२) : सुमारे ६,५२१ हेक्टर
- राज्यातील खारफुटी : ३२४ चौरस किलोमीटर (भारतीय वन सर्वेक्षण, २०२१)
- तिवर : बीज फळाच्या आत अंकुरते, प्रवास बहुधा जवळचा
- कांदळ : बीज झाडावर उघडे अंकुरते, सुमारे पाच महिने तरंगू शकते
- चिपी : फळात अनेक बारीक बिया, झाडावर अंकुरत नाहीत